बिनधुराची मैफल

दुपारचं शेवटचं गिऱ्हाईक उठलं तसं देवदत्तने दारावरची पाटी उलटी केली आणि वेटरांना खोलीवर जाऊन जरा पडायला सांगितलं. हे बोलणं घरी होणं शक्य नव्हतं. घरात सुजीत होता, आणि घरातले सगळे हल्ली इतके हळू बोलत की कुठलीही गोष्ट त्याच्याविषयीचीच वाटे. आज तो पुतणीला, ओवीला, सोबत घेऊन ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी हॉस्पिटलला गेला होता. म्हणून देवदत्तने आई-बाबांना आणि बायकोला, रुचाला, थेट 'गोदाकाठ'मध्येच बोलावून घेतलं.

'गोदाकाठ' दुबईत, देरातल्या एका जुन्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर होतं. बाबा, अंबादास, पैठणहून इकडे आले ते एका शिपिंग कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी म्हणून. पुढे त्यांनी स्वतःची खानावळ काढली, आणि मुलं हाताशी आल्यावर ही जागा घेतली. त्यांच्या येसर आमटीसाठी आणि मटण-भाकरीसाठी लोक शारजाहून, अगदी फुजैराहूनसुद्धा येत. पण संध्याकाळनंतर भरे ती बारची बाजू, आणि ती भरे धाकट्या सुजीतच्या गाण्यामुळे. निदान घरात तसं म्हणत.

आता सुजीतच्या गळ्यात कॅन्सर होता. सोमवारी स्वरयंत्र काढायचं होतं.

देवदत्तने विषय परवान्यापासूनच काढला. बारमध्ये सिगरेट ओढू द्यायचा परवाना या महिन्यात संपत होता. हॉटेलच्या मॅनेजरचे, अनिलचे, दोन फोन येऊन गेले होते. रिन्यू करायचा असेल तर कागद लगेच हवे होते, नसेल तर तसं सांगून टाकायचं होतं. देवदत्तचं म्हणणं सरळ होतं. आपण बंद केलं तर लोक सिगरेट सोडणार नाहीत, आपल्याला सोडतील. समोरच्या बारमध्ये जातील, खालच्या लाउंजमध्ये जातील. सरकारने सगळीकडे एकदम बंदी आणली तर प्रश्नच नाही, सगळे सारखे. एकट्याने का शहाणपणा करायचा? मोठा माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने ओढतो, त्याला आपण कोण थांबवणार?

रुचा ऐकत होती. ती इथल्या एका भारतीय शाळेत बायॉलॉजी शिकवायची आणि वर्गात बोलावं तशी सावकाश बोलायची. ती म्हणाली, "ओढणाऱ्याची मर्जी सगळे विचारतात. भावजींनी आयुष्यात एक सिगरेट ओढली नाही. त्यांची मर्जी कोणी विचारली?"

"डॉक्टर काय म्हणाले तू ऐकलंस ना? एकच कारण असं सांगता येत नाही म्हणाले."

"पुढचंही ऐकलं. इतकी वर्षं धुरात गायलेत, याकडे दुर्लक्ष करता येत नाही म्हणाले."

देवदत्तने नजर समोरच्या कागदांकडे वळवली. त्याच्या शर्टाच्या खिशात पाकीट होतं आणि रुचाची नजर तिथे होती, हे त्याला न बघताही समजत होतं. तो इथेच, याच काउंटरमागे ओढायला शिकला होता. गिऱ्हाइकांनी पुढे केलेली नाकारायची नाही म्हणून एक, हिशेबाला बसताना एक, असं करत करत.

बोलायची पाळी आता बाबांची होती. ते खुर्चीत ताठ बसून रिकाम्या स्टेजकडे बघत होते. बोलली ती आई.

"आत्ता काही बदलू नका," सुलक्षणा म्हणाली. "आहे तसं राहू दे."

रुचाने चमकून सासूकडे पाहिलं. घरात सिगरेटच्या वासाला सगळ्यात जास्त नाकं मुरडणारी बाई ही. देवदत्तचे शर्ट वेगळे धुणारी. रुचाने कालच शाळेतून तिला फोनवर सगळं सांगितलं होतं आणि ती हो हो म्हणाली होती.

सुलक्षणालाही सुनेचा चेहरा दिसला. पण ती काय सांगणार होती? तिला आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवत होती. सुजीतचा घसा तेव्हा पहिल्यांदा बसला होता. त्याने बाबांना सांगितलं होतं की ओढणाऱ्यांना त्या कोपऱ्यात काचेचं पार्टिशन करून देऊ या, मला वरच्या पट्टीत श्वास पुरत नाही. अंबादासांनी हसून ते उडवून लावलं होतं. काचेमागे बसवलेलं गिऱ्हाईक टाळी वाजवत नाही, म्हणाले होते. सुजीतही हसला होता. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही. ती त्याला रोज ज्येष्ठमध देत राहिली.

आज इथे सिगरेट बंद करायची म्हणजे त्या दिवशी ती बंद करायला हवी होती असं म्हणायचं. आणि ते शेजारी बसलेल्या या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर म्हणायचं. मुलाचा आवाज जाणारच होता. नवऱ्याचंही काही जावं, हे तिला सोसणारं नव्हतं.

"लोक काय म्हणतील?" एवढंच ती बोलली. "बापाच्या धंद्याने पोराचा घसा गेला, असंच म्हणतील ना?"

 रुचाला सासूचा राग आला होता, तो हळूहळू उतरला. आई कोणाला पाठीशी घालतायत ते तिला आता कळलं.

"आई," ती म्हणाली, "असं कोणी म्हणत नाहीये."

"मी म्हणतोय," अंबादास म्हणाले.

ते एवढंच बोलले. मग उठून पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. सुलक्षणा त्यांच्या मागे जायला उठली, पण देवदत्तने तिचा हात धरून तिला बसवलं.

तेवढ्यात जिन्यावर ओवीचा आवाज आला आणि दार उघडलं. रुचाने मुलीला घरी जायला सांगितलं होतं, पण सुजीतने टॅक्सी इकडे वळवली होती. सगळे एकत्र बसलेले पाहून तो दारातच थांबला. मग त्याने देवदत्तसमोरचे परवान्याचे कागद पाहिले आणि त्याला समजलं. त्याचा आवाज तेव्हा पार घोगरा झाला होता. बोलला की वाक्याचा शेवट नुसत्या वाऱ्यासारखा यायचा.

"माझ्यामुळे?" त्याने विचारलं.

देवदत्त घाईने म्हणाला की तसं काही नाही, दरवर्षीचंच रिन्यूअल आहे. ओवी पंधरा वर्षांची होती आणि लहान असल्यापासून काकाकडेच गाणं शिकत होती. ती म्हणाली, "पप्पा, डोन्ट. ही नोज."

सुजीत खुर्ची ओढून बसला. ओवीने त्याच्यापुढे पाणी ठेवलं. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, आधी दादाचं, मग वहिनीचं. आईने नजर वर केली नाही. मग तो थांबत थांबत बोलू लागला आणि सगळे पुढे वाकून ऐकू लागले.

तो म्हणाला, इथे येणारी माणसं माझं गाणं ऐकायला येतात, असं मी धरून चाललो होतो. ग्लास, सिगरेट, गप्पा आणि बाजूला माझं गाणं. त्यातलं कशासाठी कोण येतं, हे कधी वेगळं काढून बघितलं नाही. भीती वाटायची.

"बंद केलं असतं तर कळलं असतं," तो म्हणाला. "आता सोमवारनंतर बंद करून काय कळणार?"

रुचाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा सगळा मुद्दा घशाचा होता, फुप्फुसांचा होता. हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मग परवा कर," आतून अंबादासांचा आवाज आला. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "शनिवारी. तू गा. कोणीही ओढायची नाही. परवान्याचं मी बघतो."

"बाबा, त्याला गाता येणार आहे का?" देवदत्त म्हणाला. "डॉक्टर..."

"विचारलं मी डॉक्टरांना," सुजीत म्हणाला. "गा म्हणाले. आता जपून काय ठेवायचंय?"

*

शनिवारी देवदत्तने नेहमीच्या सगळ्यांना स्वतः फोन केले. सुजीत गाणार आहे, लवकर सुरू करतोय, आणि आज आत सिगरेट नाही. बहुतेकांनी येतो म्हटलं. काहींनी इन्शाल्ला म्हटलं. इतकी वर्षं इथे राहून कुठल्या इन्शाल्लाचा अर्थ काय, हे त्याला कळत होतं.

टेबलांवरचे ॲशट्रे सुलक्षणाने स्वतः उचलले. मग ती खालच्या दाराशी गेली आणि तिथे तिला अंबादास दिसले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि ते येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "आज आत ओढू नका. मुलगा गातोय." बांधकामाच्या साइटवरून थेट आलेले इंजिनीअर होते, गोल्ड सूकमधले, सोन्याच्या बाजारातले, गुजराती होते, हमरियाच्या फॅक्टरीतले चार मराठी सुपरवायझर होते. कोणाच्या बोटांत पेटलेली असली की अंबादास तिथेच थांबत. तो विझवेपर्यंत हात जोडलेलेच ठेवत. लोक ओशाळून विझवत आणि वर जात. एक जण मात्र, बाबूजी, फिर कभी, म्हणून परत फिरला. अंबादास त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

सुलक्षणाला वाटलं, पुढे होऊन ते हात खाली करावेत. पण तिने ते केलं नाही. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेही हात जोडले.

निम्म्याहून थोडी जास्त टेबलं भरली. पुढच्या टेबलावर अहमदभाई होते. ते मूळचे हैदराबादचे, त्यांचं गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान होतं. ते दारूला कधी शिवले नव्हते. चहा आणि सिगरेट घेऊन ते 'गोदाकाठ' सुरू झाल्यापासून त्याच टेबलावर बसत आले होते. सुजीतच्या दोन गझला तर त्यांनीच शब्द सुचवून दुरुस्त केल्या होत्या. आज त्यांनी पाकीट खाली रिसेप्शनवर ठेवून दिलं होतं आणि बोटांनी सारखी चहाची कपबशी फिरवत होते.

सुजीत हार्मोनियम घेऊन बसला. हॉल स्वच्छ दिसत होता. मागच्या भिंतीवरची पैठणच्या घाटाची चित्रं स्टेजवरून नीट दिसतात, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. पट्टी खूप खाली घेतली होती. पहिली गझल सुरू केली तेव्हा आवाज नुसता खरखरत होता, पण दोन-तीन ओळींनंतर तो कुठेतरी आधार सापडल्यासारखा टिकू लागला. वरचे सूर तो गळ्याने घेतच नव्हता, हार्मोनियमवर वाजवून पुढे जात होता. ऐकणाऱ्यांना ते कळत होतं. स्टेजच्या कडेला तानपुरा घेऊन बसलेल्या ओवीचे डोळे खाली होते.

दुसरी गझल संपता संपता मागच्या टेबलावरचा एक जण उठून बाहेर गेला. मग त्याच्या शेजारचा. तिसऱ्या गझलेत दोन टेबलं रिकामी झाली. पहिले गेलेले परत आले, कपड्यांना वास घेऊन, आणि त्यांच्या जागी दुसरे उठले. कोणी उद्धटपणा करत नव्हतं. वाकून, खुर्ची न वाजवता, हाताने माफी मागत जात होते. पण दार सारखं उघडत होतं, मिटत होतं. सुजीतला प्रत्येक खुर्ची दिसत होती. तो गात राहिला.

देवदत्त खांबाआडच्या, स्टेजवरून न दिसणाऱ्या काउंटरला टेकून उभा होता. भावाचा आवाज शब्दाशब्दाला तुटताना त्याला ऐकवत नव्हता. लहानपणी पैठणला शेजारच्या घरातल्या रेडिओबरोबर हा पोरगा गायचा तेव्हा लोक विचारायचे, रेडिओ कुठला आणि पोरगा कुठला. आता ओळ सुरू झाली की ती संपेल की नाही या धाकाने देवदत्तची नजर सारखी मागच्या जिन्याकडे वळत होती. सुजीतचा ठरलेला क्रम त्याला पाठ होता. आता दोन गझला, मग मध्ये एक भावगीत, आणि शेवटी भैरवी. भैरवीला वर यायचंच, असं ठरवून तो मागच्या जिन्याने खाली गेला.

हॉटेलच्या मागच्या गल्लीत, एसीच्या गरम झोतात, दहाबारा माणसं ओढत उभी होती. मालकाला बघून ती जरा बाजूला सरली. भिंतीशी अहमदभाई होते. त्यांनी देवदत्तकडे बघितलं आणि लायटर पुढे केला.

"उसी के लिए आया था," ते म्हणाले. "फिर भी बैठ नहीं पाया. चालीस साल की आदत है, भाई."

देवदत्तने लायटर घेतला. त्याने सिगरेट पेटवली. अहमदभाईंनी थोड्या वेळाने विचारलं, "भैरवी तो बाकी है ना?"

"बाकी है. दो-तीन चीज़ें हैं अभी."

वरून टाळ्यांचा आवाज आला. अहमदभाईंनी मान हलवली, गझल संपली असावी. पण टाळ्या थांबेनात. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, आणि काही वेळाने जिन्यावरून हमरियाचे ते चौघे खाली उतरले. त्यातला एक रुमालाने डोळे पुसत होता. देवदत्तला बघून तो पुढे आला, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "साहेब, भैरवी विसरता येणार नाही."

सुजीतचा आवाज संपत आला होता. ते त्याला स्वतःला कळलं आणि त्याने मधलं सगळं सोडून भैरवी घेतली होती.

 अहमदभाईंनी सिगरेट टाकली, बुटाखाली विझवली आणि गल्लीतून सरळ निघून गेले. वर जाऊन सुजीतला भेटायचं धाडस त्यांना झालं नाही. देवदत्त तिथेच उभा राहिला. अनिलने अंबादासांचा फोन आल्याचं आणि परवाना रिन्यू होत नसल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळवलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ओके. खलास."

*

ऑपरेशन नीट झालं. सुजीतच्या गळ्याखाली आता एक छिद्र होतं आणि श्वास तिथून यायचा. आठवड्यानंतर त्याला उशीला टेकून बसता येऊ लागलं. बोलायचं ते तो फोनवर टाइप करून दाखवायचा. आईला लांबूनही वाचता यावं म्हणून ओवीने अक्षरं मोठी करून दिली होती.

रुचा आणि देवदत्त गेले तेव्हा ओवी कोपऱ्यात अभ्यास करत होती. रुचाने डबा ठेवला, फुलं पाण्यात घातली. 'गोदाकाठ'चं कसं चाललंय, असं सुजीतने विचारलं. देवदत्तने खरं ते सांगितलं. संध्याकाळची गर्दी बरीच कमी झाली आहे. अहमदभाई आलेले नाहीत. पण शुक्रवारी दुपारी दोन कुटुंबं लहान मुलांना घेऊन बारच्या बाजूला बसली होती, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सुजीतने मान डोलावली.

मग त्याने बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि फोन दादाकडे वळवला.

त्या दिवशी भैरवी कशी झाली?

रुचा खिडकीशी होती. तिला ते तिथूनही वाचता आलं. तिला माहीत होतं की इतक्या वर्षांत प्रत्येक मैफल संपल्यावर सुजीतने हे फक्त दादालाच विचारलं होतं. बाकी सगळे छान म्हणतात, दादा खरं सांगतो, असं तो म्हणायचा. तिला हेही माहीत होतं की भैरवी सुरू झाली तेव्हा काउंटरपाशी कोणी नव्हतं. ती नवऱ्याशी त्या विषयावर एक शब्दही बोलली नव्हती. आधी रागाने, आणि नंतर त्याचा चेहरा बघून.

"छान झाली," देवदत्त म्हणाला.

सुजीतने नापसंतीने डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा टाइप केलं.

छान नको. अंतऱ्यात घसरलो ना?

देवदत्त फोनकडे बघत राहिला. घसरला होता की नव्हता, त्याला ठाऊक नव्हतं. ओवीने वहीतून मान वर केली होती. सगळ्यांकडे रेकॉर्डिंग होतं, तिच्याकडेही होतं; ते ऐकायचं धैर्य त्याला झालं नव्हतं. आता खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. रुचाने ते पाहिलं. एवढी वर्षं तिने याला खरं बोल, खरं बोल म्हणून धारेवर धरलं होतं. ती पुढे आली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"दुसऱ्या अंतऱ्यात," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीला. पण लगेच सावरलंत, भावजी."

सुजीतने तिच्याकडे बघून हात हलवला. तुला नाही विचारत, दादाला विचारतोय. त्याची नजर देवदत्तवर होती, उत्सुक, लहान मुलासारखी.

देवदत्तने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"घसरलास," तो म्हणाला. "दुसऱ्या अंतऱ्यात. कोणाच्या लक्षात नसेल आलं. माझ्या आलं."

सुजीतचा चेहरा सैल झाला. त्याने समाधानाने मान हलवली, फोन छातीवर उपडा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. गळ्यातून श्वासाचा आवाज येत होता. देवदत्त तो ऐकत बसला. रुचाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.